खानदेशातील आद्य राजांच्या कथा आणि नामांची साक्ष

१

एखाद्या प्रदेशाला किंवा नगराला हे नाव कसे पडले, असा प्रश्न लोकपरंपरेला केला असता तिचे उत्तर बहुधा एका राजाच्या रूपाने मिळते. त्या नावाचा एक पुरुष पूर्वी होऊन गेला, त्याने ही भूमी वसविली आणि तिला आपले नाव दिले, एवढ्यावर परंपरेचे समाधान होते. हे उत्तर सोपे असते आणि ऐकणाऱ्याचा अभिमान सुखावणारे असते. इतिहासाच्या अभ्यासकापुढे मात्र दोन शक्यता उभ्या राहतात. राजावरून नाव निघाले, किंवा नावावरून राजा निघाला. ह्यांपैकी दुसरी शक्यता किती बलवत्तर असू शकते, हे प्राचीन ग्रीसच्या आद्य राजांच्या कथांवरून प्रथम स्पष्ट झाले. त्या कथांच्या चिकित्सेतून निष्पन्न झालेल्या कसोट्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार ह्या जिल्ह्यांतील, म्हणजेच जुन्या खानदेशातील, परंपरांना लावून पाहिल्यास काय हाती लागते, ह्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

ह्या विचाराचे प्रयोजन केवळ तौलनिक कुतूहलाचे नाही. ह्या भागातील अनेक समाज आपल्या इतिहासाचा आरंभ अशाच एखाद्या आद्य राजापासून करतात. अहिराणी भाषेचा, गवळी राजांचा, यादवांचा आणि फारुकी सुलतानांचा इतिहास लिहिताना पदव्युत्तर प्रबंधांतूनही ह्या कथा कधी प्रमाण म्हणून स्वीकारल्या जातात, तर कधी भाकड म्हणून टाकून दिल्या जातात. दोन्ही मार्गांनी पुराव्याची हानी होते.

२

ग्रीक आद्य राजांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला भूमिजांचा. अथेन्सचा पहिला राजा केक्रॉप्स हा कमरेखाली सर्पाकृती होता आणि तो त्याच मातीतून उत्पन्न झाला, अशी कथा आहे. त्याच नगराचा एरिक्थोनिओस हाही भूमिपुत्रच. दुसरा वर्ग आगंतुकांचा. थीब्जचा संस्थापक कॅडमस फिनिशियातून आला, आर्गोसचा डॅनाओस इजिप्तमधून आणि पेलोपोनीजला ज्याचे नाव मिळाले तो पेलॉप्स लिडियातून. तिसरा वर्ग केवळ नामधारकांचा. हेल्लेन हा सर्व हेलीन लोकांचा मूळ पुरुष. त्याचे पुत्र डोरोस, झूथोस आणि आयोलोस. झूथोसचे पुत्र आयॉन आणि अखायोस. ग्रीक लोकांच्या सर्व प्रमुख शाखांची नावे अशा रीतीने एकाच कुटुंबात गोळा केलेली दिसतात. येथे वंशावळ म्हणजे वस्तुतः लोकसमूहांच्या परस्परसंबंधांचा नकाशाच होय.

ह्या कथांविषयी शंका आधुनिकांनीच प्रथम घेतली असे नाही. हेल्लेनच्या पूर्वी हेलास हे समग्र देशाचे नाव नव्हते आणि होमरही सर्व ग्रीकांना हेलीन म्हणत नाही, असे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात थ्युसिडिडीजने नोंदविले आहे. नाव कोणत्या काळी कोणत्या अर्थाने प्रचारात होते, हे जुन्या ग्रंथाच्या शब्दप्रयोगावरून ठरविण्याची ही पद्धती आजही तितकीच उपयुक्त आहे.

दुसरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. इ. स. पू. २६४-६३ च्या सुमारास कोरलेला पॅरोस बेटावरील कालपट केक्रॉप्सच्या राज्याचा काळ इ. स. पू. १५८१ च्या आसपास येईल अशा बेताने वर्षांचे आकडे देतो. कथेपासून तेराशे वर्षे दूर असलेला हा लेख नेमके वर्ष सांगतो. संस्थापकापासून लेखक जितका दूर, तितकी त्याची माहिती अधिक तपशीलवार, असा हा विपरीत क्रम आहे. आणि तो ग्रीसपुरता मर्यादित नाही.

३

खानदेशाच्या परिसरातील ऐतिहासिक राजसंस्थापकांत आभीरांचा क्रम पहिला लागतो. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेन ह्याच्या नवव्या राज्यवर्षाचा लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी काही श्रेणींकडे रक्कम ठेव म्हणून ठेवली, त्याची ही नोंद. त्या श्रेणींत तेल काढणाऱ्यांचीही श्रेणी आहे. इ. स. २४८-४९ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे कलचुरी-चेदी म्हणून ओळखल्या गेलेल्या शकाचा संबंध अभ्यासक ह्याच राजाशी जोडतात.

ह्या लेखात ईश्वरसेनाची ओळख माढरीपुत्र आणि शिवदत्त आभीराचा पुत्र अशी करून दिली आहे. पित्याच्या नावामागे राजपदवी नाही. ह्यावरून राजपद ईश्वरसेनापासूनच सुरू झाले असावे असे अनुमान निघते. परंतु अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, हा खरा संस्थापक आईचे नाव, बापाचे नाव आणि जमातीचे नाव ह्यांपलीकडे काही सांगत नाही. चंद्र नाही, सूर्य नाही, द्वारका नाही. पुराणांनी दहा आभीर राजे आणि त्यांच्या राज्याची ६७ वर्षे अशी संख्या दिली. पण दिव्य पूर्वज त्यांनीही दिला नाही.

ह्याच्याशी अकराव्या-बाराव्या शतकांतील लेख ताडून पाहिले म्हणजे फरक स्पष्ट होतो. चाळीसगाव तालुक्यातील वाघळी येथे शके ९९१ (इ. स. १०६९) चा शिलालेख आहे. यादव राजा दुसरा सेउणचंद्र ह्याचा मांडलिक मौर्य गोविंदराज ह्याचा तो लेख होय. एका स्थानिक मांडलिकाचे हे कुळ आपला उगम सूर्यवंशातील मांधात्यापासून सांगते आणि आपले मूळ स्थान सुराष्ट्रातील वलभी असे देते. त्याच तालुक्यातील पाटण येथे राज्य करणारे निकुंभ हेही स्वतःला सूर्यवंशी म्हणवीत. पुराणांतील इक्ष्वाकुवंशात निकुंभ नावाचा एक राजा येतो आणि त्याच ओळीत पुढे युवनाश्व व मांधाता येतात. कुलनाम आणि पुराणातील नाव ह्यांचे हे साम्य निकुंभांना आयतेच उपयोगी पडले असले पाहिजे. सातपुड्यातील तोरणमाळचा राजा युवनाश्व होता, अशी जी स्थानिक समजूत आहे, तीही ह्याच मालिकेतील दुवा मानता येईल.

मांधात्याची जन्मकथा येथे विशेष बोलकी आहे. मंत्रित जल चुकून प्यालेल्या युवनाश्वाच्या कुशीतून तो मातेवाचून जन्मला. ह्याला पाजणार कोण, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा इंद्राने ‘मला पिईल’ ह्या अर्थाचे शब्द उच्चारून आपले बोट त्याच्या मुखात दिले आणि त्या शब्दांवरून मांधाता हे नाव पडले, असे महाभारत सांगते. नाव आधी होते. त्याचा अर्थ लागेना, म्हणून अर्थ सांगणारी कथा मागाहून जुळविली गेली. केक्रॉप्सचे नाव ग्रीक भाषेतून नीट उलगडत नाही आणि त्याचा देहही अर्धा मानवेतर आहे. दोन्ही ठिकाणी अपारदर्शक नावाभोवती अलौकिक जन्माची कथा रचली गेली आहे.

पाटणच्या लेखांपैकी शके ११२८ चा लेख भाषाभ्यासकांच्या परिचयाचा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन केलेल्या मठाला निकुंभ सोइदेव ह्याने दिलेल्या दानाची ही नोंद असून, एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी ती विद्वानांच्या नजरेस आणली. ह्या लेखाचा मोठा भाग संस्कृत पद्यात आहे. राजवंशाची आणि पंडितवंशाची प्रशस्ती त्यात येते. अखेरीचा दानाचा तपशील मात्र मराठीत आहे. बाजारात उघडल्या जाणाऱ्या केण्यावर ग्राहकाकडून राजाला जे उत्पन्न मिळे ते मठाला दिले, घाण्यांवरील तेल दिले, अशा स्वरूपाची ही कलमे आहेत. ज्यांनी कर भरावयाचा त्यांना समजेल अशा भाषेत कर सांगितला आहे. ज्यांच्या बरोबरीने बसावयाचे त्या राजकुळांच्या भाषेत वंश सांगितला आहे. आद्य पुरुषाची कथा कोणासाठी रचली जात होती, ह्याचे ह्याहून स्पष्ट प्रमाण शोधण्याची गरज नाही. पाटणच्या तेल्याला निकुंभ राजा सूर्यवंशी असल्याने फरक पडत नव्हता. देवगिरीच्या दरबारात तो पडत होता.

४

यादवांच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण त्यांच्या परंपरेत दोन संस्थापक आहेत. पहिला दृढप्रहार आणि दुसरा त्याचा पुत्र सेउणचंद्र. दोघांचा काळ नवव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो, परंतु त्यांची माहिती शके ९२२ (इ. स. १०००) चा संगमनेर ताम्रपट, शके ९९१ चा वसई ताम्रपट अशा उत्तरकालीन लेखांतून मिळते. तेराव्या शतकात हेमाद्रीने आपल्या ग्रंथाच्या राजप्रशस्तीत हीच वंशावळ चंद्रापासून आरंभून यदुकुलामार्गे सुबाहूपर्यंत आणली. सुबाहूने आपले राज्य चार पुत्रांत वाटले आणि दक्षिण दिशा दृढप्रहाराच्या वाट्यास आली, असे तो सांगतो. श्रीकृष्णाच्या द्वारकेपासून नवव्या शतकातील चांदवड-सिन्नरपर्यंतचे अंतर हेमाद्रीने पुराणातील नावांनी भरून काढले. पॅरोसच्या कालपटाप्रमाणेच येथेही शेवटचा लेखक सर्वांत अधिक जाणतो.

जिनप्रभसूरीच्या ‘विविधतीर्थकल्प’ ह्या चौदाव्या शतकातील जैन ग्रंथात दृढप्रहाराची निराळी कथा आढळते. तिच्यातही द्वारकेचा दाह आहे आणि त्या प्रसंगी झालेला जन्म आहे. पण पुढे दृढप्रहार राजपद मिळवितो तो वारसाहक्काने नव्हे. गुरे पळविणाऱ्या लुटारूंशी लढून त्याने ती परत आणली, म्हणून लोकांनी त्याला नगररक्षकाचे पद दिले. ही कथा उशिराची असली तरी तिच्यातील राजपदाची कल्पना प्रशस्तीतील कल्पनेहून अगदी वेगळ्या समाजाची आहे. गोधनाचे रक्षण करील तो राजा, हा विचार गोपालक प्रदेशातच रुजू शकतो. कॅडमसला थीब्जची जागा एका गाईनेच दाखविली आणि त्या प्रांताचे बिओशिया हे नावही ग्रीक लोक गाईवरूनच सांगत, हे येथे स्मरण करण्यासारखे आहे.

दुसरा संस्थापक सेउणचंद्र. त्याने सेउणपूर वसविले आणि त्याच्या नावावरून देशाला सेउणदेश म्हणू लागले, ही परंपरा सामान्यतः मान्य केली जाते. सेउणपूर म्हणजे आजचे सिन्नर, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. सेउणदेश मुख्यतः नाशिकपासून देवगिरीपर्यंत पसरलेला होता आणि वाघळीच्या लेखावरून चाळीसगावचा टापूही यादवांच्या सत्तेखाली होता हे सिद्ध होते. परंतु भाषाशास्त्राच्या दृष्टीने ह्या परंपरेत एक अडचण आहे. ‘सेउणचंद्र’ हा समास आहे. त्याचा सरळ अर्थ ‘सेउणांमधील चंद्र’ असा होतो. म्हणजे सेउण हे नाव समासाच्या आधी अस्तित्वात असले पाहिजे. ‘रामचंद्र’ ह्या नावाचा दाखला देऊन ह्यावर आक्षेप घेता येईल, कारण तेथे पूर्वपद व्यक्तिवाचकच आहे. पण राम हे स्वतंत्र व्यक्तिनाम सर्वश्रुत आहे. केवळ ‘सेउण’ असे व्यक्तिनाम ह्या घराण्याच्या परिचित वंशावळीत येत नाही. उलट कर्नाटकातील लेखांतून सेउण हा शब्द ह्या लोकांचा, त्यांच्या राजांचा आणि देशाचा वाचक म्हणून आढळतो. यास्तव देशावरून किंवा लोकांवरून राजाला नाव पडले आणि मागाहून राजावरून देशाला पडल्याची कथा झाली, ही शक्यता अधिक ग्राह्य वाटते. हेल्लेन आणि हेलास ह्यांचा संबंध नेमका असाच आहे. शिवाय धाडियप्प, राजुगी, वादुगी ही ह्या घराण्यातील आरंभीच्या पुरुषांची नावे द्वारकेच्या यदुकुलापेक्षा दक्षिणेतील बोलींच्या अधिक जवळची आहेत. वंशावळीचे शिखर संस्कृत आहे, पायथा देशी आहे.

५

खानदेश ह्या नावाची चर्चा ह्याच संदर्भात केली पाहिजे. त्याच्या चार उपपत्ती प्रचलित आहेत आणि चारही एकेका आद्य पुरुषाकडे किंवा आद्य स्थळाकडे बोट दाखवितात.

खांडववनावरून खानदेश, ही उपपत्ती टिकण्याजोगी नाही. महाभारतातील खांडववन यमुनेकाठी, इंद्रप्रस्थाजवळ आहे. शिवाय ‘ण्ड’ ह्या मूर्धन्य जोडाक्षराचा मागमूसही न उरता शुद्ध दंत्य ‘न’ यावा, ह्याला समाधानकारक कारण देता येत नाही. सेउणदेशावरून खानदेश, ही व्युत्पत्तीही ध्वनिदृष्ट्या अशक्य आहे. प्रदेश काही अंशी एक असला म्हणून नाव एक होत नाही.

कान्हदेश ही तिसरी उपपत्ती भगवान श्रीकृष्णाशी किंवा तेराव्या शतकातील यादव राजा कृष्ण, म्हणजेच लेखांतील कन्हरदेव, ह्याच्याशी जोडली जाते. कृष्ण, कण्ह, कान्ह हा विकास निर्विवाद आहे. कान्ह ह्यातील हकार आरंभीच्या व्यंजनाला मिळून खान होणे असंभवनीय नाही. गृह ह्यापासून घर आणि दुहिता ह्यापासून प्राकृतातील धूआ झाले, तेथे महाप्राणत्व असेच शब्दारंभी सरकले आहे. तथापि ध्वनिनियमाने जे शक्य आहे ते घडलेच असे होत नाही. मधल्या रूपाचा समकालीन लेखी आधार मिळेपर्यंत ही उपपत्ती संभाव्य ह्या कोटीतच ठेवावी लागते.

चौथी उपपत्ती खान ह्या पदवीची. फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजा फारुकी ह्याला थाळनेर आणि करंदा ही ठाणी दिली. शिरपूर तालुक्यात तापीकाठी असलेले थाळनेर हे ह्या घराण्याचे पहिले केंद्र. शिकारीत वाट चुकलेल्या भुकेल्या सुलतानाला मलिक राजाने अन्न दिले म्हणून ही देणगी मिळाली, अशी फिरिश्त्याची कथा आहे. मलिक राजा १३९९ मध्ये मरण पावला. त्याचा पुत्र नासिरखान ह्याला गुजरातच्या अहमदशाहाने खान ही पदवी दिली आणि तिच्यावरून देशाला खानदेश म्हणू लागले, असे सांगितले जाते. फारुकी हे कुलनाम खलीफा उमर अल-फारुक ह्याच्यापासून वंश सांगणारे आहे. द्वारका, वलभी आणि अरबस्तान ही तीन दूरची स्थाने खानदेशाच्या तीन राजकुळांनी आपापल्या आरंभी ठेवली, हे एकत्र पाहिल्यावरच ध्यानात येते.

ह्या चौथ्या उपपत्तीसंबंधी एक दिनांकित पुरावा आहे. अकबराने १६०१ मध्ये अशीरगड घेतल्यावर शाहजादा दानियाल ह्याच्या नावाने प्रांताचे दानदेश असे नामकरण केले. हे नवे नाव खानदेश ह्या शब्दाच्या साच्यावर बेतलेले आहे. खान काढून तेथे दान बसविला आहे. म्हणजे सतराव्या शतकाच्या आरंभी मोगल दरबार ह्या शब्दाची फोड ‘खान + देश’ अशीच करीत होता आणि पूर्वपद व्यक्तिवाचक समजत होता, हे निश्चित होते. परंतु ह्यावरून निश्चित होते ते एवढेच. १६०१ मधील लोक शब्द कसा समजत होते, ह्याचा हा पुरावा आहे. शब्द कसा उत्पन्न झाला ह्याचा नव्हे. दानदेश हे नाव राजाज्ञेने दिले गेले आणि लवकरच लोपले. ज्या एका नावाचा नामकर्ता आणि वर्ष आपणास खात्रीने ठाऊक आहे, तेच टिकले नाही, ही गोष्ट राजे नावे देतात ह्या समजुतीची मर्यादा दाखविते.

६

राजकुळांच्या ह्या आगंतुक पूर्वजांच्या जोडीला खानदेशात एक भूमिज संस्थापकही आहे. तो म्हणजे गवळी राजा. जुनी दगडी देवळे आणि बारवा येथे एकतर हेमाडपंती म्हणून ओळखल्या जातात किंवा गवळी राजाच्या म्हणून. ह्या राजाला बहुधा विशेषनाम नसते. नाव मिळते ते आसा अहीर ह्याच्या रूपाने. फिरिश्त्याच्या कथनानुसार अशीरगड ह्या गोधनसंपन्न अहिराने बांधला. दुष्काळात त्याने आपली धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली आणि त्या काळात तटबंदीचे काम काढून लोकांना पोसले. पुढे नासिरखानाने डोल्यांतून स्त्रियांऐवजी सैनिक पाठवून त्याचा किल्ला कपटाने घेतला. आसा आणि अहीर मिळून अशीर, अशी नावाची फोड तेथे दिली जाते. ती फारशी समाधानकारक नाही. व्यक्तिनाम आणि जातिनाम ह्यांचा संकोच होऊन गड, पूर, नेर अशा उत्तरपदावाचून किल्ल्याचे नाव बनणे ह्या प्रदेशाच्या नामपद्धतीत अपवादात्मक आहे. त्याच किल्ल्याचा संबंध दुसरी परंपरा अश्वत्थाम्याशी लावते. नाव अपारदर्शक असल्याचीच ही खूण होय.

नावाची फोड टिकत नाही म्हणून कथा निरर्थक ठरत नाही. तिच्यात पराभूताची बाजू आहे. जेता कपटी आहे आणि जित उदार आहे. आणि हे सारे फारसी इतिहासकारानेच टिपून ठेवले आहे. फिरिश्त्याचे लेखन घटनेनंतर सुमारे दोनशे वर्षांनी झाले. तोपर्यंत ही आठवण इतकी रुजली होती की फारुकींच्या इतिहासातून ती वगळता आली नाही.

अथेन्सशी तुलना केली असता येथे एक लक्षणीय भेद दिसतो. अथेन्समध्ये भूमिजत्वाचा अभिमान सत्ताधारी नागरिकांचाच होता. पेरिक्लीजच्या इ. स. पू. ४५१ च्या कायद्याने आई आणि बाप दोघेही अथेनी असतील त्यालाच नागरिकत्व दिले, आणि केक्रॉप्सच्या कथेने त्या वृत्तीला प्राचीनत्व पुरविले. खानदेशात सत्तेची कथा दूरच्या उगमाची आहे, तर मातीतून उगवल्याची कथा सत्ता गमावलेल्यांची किंवा सत्तेबाहेरच्यांची आहे. कथा तीच, पण ती सांगणारा बदलला की तिचे कार्य बदलते.

ह्यातूनच अहिराणीसंबंधीचा प्रश्न निर्माण होतो. अहिराणी हे भाषानाम अहीर शब्दावरून आले आणि अहीर शब्द आभीरावरून, ह्याविषयी दुमत नाही. परंतु ईश्वरसेन आभीर आणि आसा अहीर ह्यांच्यामध्ये अकराशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. नावाचे सातत्य म्हणजे रक्ताचे सातत्य नव्हे, आणि राज्याचे तर नव्हेच. अहिराणी खानदेशात अनेक जातींच्या घरांत बोलली जाते. ग्रियर्सनने १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खंडात खानदेशीची मांडणी भिल्ल बोलींच्या शेजारी केली, ती भाषिक लक्षणांच्या आधारे; राजवंशाच्या आधारे नव्हे. भाषेच्या नावावरून एका समाजाची मालकी सिद्ध करू पाहणे म्हणजे हेल्लेनच्या वंशावळीचीच पुनरावृत्ती होय.

७

धुळे येथे १९२६ मध्ये ज्यांचे देहावसान झाले, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी स्थलनामे ही वसाहतींच्या इतिहासाची साधने मानली. १९२७ मध्ये त्याच नगरात स्थापन झालेल्या संशोधन मंडळाने त्यांचा संग्रह जतन केला. त्यांची दृष्टी मूलतः योग्य होती. त्यांच्या अनेक व्युत्पत्ती पुढे स्वीकारल्या गेल्या नाहीत, ही गोष्ट वेगळी. त्या दृष्टीचा लाभ घ्यावयाचा तर आद्य राजाच्या कथेला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. नामाचे सर्वांत जुने लेखी रूप कोणते आणि ते राजाच्या कथेहून जुने आहे काय? कथा कोणत्या भाषेत आणि कोणत्या श्रोत्यांसाठी सांगितली गेली? आणि तिच्यातील वंश किंवा नाव ह्यांचा लाभ तिच्या लेखनकाळी कोणाला मिळत होता?

हे प्रश्न विचारले असता दृढप्रहार नवव्या शतकाविषयी थोडे आणि अकराव्या ते तेराव्या शतकांविषयी पुष्कळ सांगतो; मांधाता वाघळीच्या मांडलिकाची आकांक्षा सांगतो; आसा अहीर दोनशे वर्षे टिकलेला एक सल सांगतो. ह्यांपैकी कोणतीही कथा टाकून देण्याजोगी नाही आणि कोणतीही तिच्या शब्दाप्रमाणे खरी धरण्याजोगी नाही. अद्याप व्हावयाचे काम गवळी राजाच्या कथांचे आहे. त्या कोणत्या गावी, कोणत्या बारवेसंबंधी, कोणत्या समाजाच्या तोंडून आणि अहिराणीच्या कोणत्या रूपात सांगितल्या जातात, ह्यांची गाववार नोंद झाली पाहिजे. प्रशस्तीतील राजांचे वंश दगडावर आणि तांब्यावर सुरक्षित आहेत. गवळी राजाला बोलणाऱ्याच्या स्मरणाखेरीज दुसरा आधार नाही.